सीट पिलर अडकलाय? आधी ती गॅसची बत्ती लांब ठेवा

तुमची पोस्ट वाचता वाचता माझा चहा गार झाला. तुम्ही स्टील फ्रेमची जुनी हायब्रिड सायकल घेतली, बाकी सगळं झ्याक, फक्त सीट तीन बोटं वर घ्यायचीय आणि पिलर, म्हणजे सीटखालची फ्रेमच्या नळीत जाणारी दांडी, जागची हलत नाही. एक मिस्त्री म्हणतो गॅसवर तापवून काढू, दुसरा म्हणतो फ्रेम भंगारात घाला. हे दोन्ही सल्ले मला याच गावात, आपल्या कोल्हापुरात, मिळालेत. पहिला मी ऐकला, म्हणून एवढं लांबण लावतोय.

क्लॅम्पचा बोल्ट काढला का, तेल मारलं का, हे विचारत बसत नाही. तेवढं तुम्ही केलंच असणार.

माझी सायकल २०१४ ची, तीही सेकंडहँड. क्रोमोलीची, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाची फ्रेम, मागं कॅरियरला भोकं, ३८ मिलिमीटरचा टायर मडगार्डसकट बसेल एवढी जागा. मंडईची पिशवी, गॅसचा रिकामा सिलिंडर (बायको अजून बोलते त्यावर), रविवारी वाघबीळावरून पन्हाळा, सगळं एकाच गाडीवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कधी मागं टाकली कळलंच नाही, आणि शाहूपुरीतल्या पार्किंगमध्ये ती चार दिवस पाण्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर मी दोन्ही हब उघडले, गाळ काढला, छर्रे बदलले, चेन नवीन टाकली, बीबी (पायडलचा आस फिरतो ते फ्रेमच्या बुडाचं बेअरिंग) धुतली. स्वतःवर लय खूश होतो. सीट पिलर तेवढा काढला नाही, कारण सीट माझ्या उंचीला बरोबर होती. हीच ती चूक.

दोन वर्षांनी भाचा शिकायला आमच्याकडं आला. गडी माझ्यापेक्षा वीतभर उंच. सीट वर घ्यायला गेलो तर पिलर फ्रेममध्ये ओतल्यासारखा.

आत होतं काय, तर फ्रेम स्टीलची, पिलर ॲल्युमिनियमचा, मध्ये ओल. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-मळकट पाणी म्हणजे बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून पाचर मारल्यासारखी फटीत बसते. पुरातच जायला पाहिजे असं काही नाही. आपल्याकडचे चार पावसाळे आणि मागच्या चाकाचं उडणारं पाणी पुरतं.

मी गेलो एका मोठ्या, काचेच्या दुकानात. नाव घेत नाही, विचारूही नका. पोरानं आधी पाइप पाना लावला, पिलरला चरे पाडले. मग आतून गॅसची बत्ती आली. मी उभा होतो तिथं. "तापवलं की सुटतंय काका" म्हणाला आणि मी मान हलवली. आता साधा हिशेब बघा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे बाहेरची नळी जेवढी मोकळी होते त्यापेक्षा आतला पिलर जास्त जाड होतो. तापवून आपण तो आणखी घट्ट करत होतो. लोखंडात लोखंड अडकलं असतं तर गोष्ट वेगळी. तापवून-गार करून थर फुटतो असं म्हणणारे जाणते लोक आहेत, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण त्यासाठी हात आणि अंदाज लागतो, आणि तो त्या दिवशी तिथं कुणाकडंच नव्हता.

रंगाला फोड आले. पाइप पान्यावर दोघं लटकले आणि क्लॅम्पच्या खाचेपासून सीटच्या नळीला केसाएवढी चीर गेली. पिलर हलला नाही. वर काउंटरवरचे साहेब मला सांगतात, "जुनी फ्रेम आहे, हे होणारच, नवीन ॲलॉयची दाखवू का?" आणि मजुरी लावली! मी दिली, हे आणखी वाईट. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

आता कामाचं. मी मिस्त्री नाही, कारकुनी नोकरी केलेला माणूस आहे. खालचं स्वतःच्या जबाबदारीवर करा.

बीबी काढून टाका. चेनच्या बाजूचा कप बहुतेक फ्रेमवर उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. जुन्या इटालियन फ्रेमवर दोन्हीकडं सरळ आटे असतात, तेवढं बघून घ्या. मग सायकल उलटी टांगा आणि गंज सोडवायचं तेल बीबीच्या भोकातून सीटच्या नळीत सोडा. वरून क्लॅम्पच्या खाचेत मारलेलं तेल वरचा अर्धा इंच भिजवतं आणि ओघळून जमिनीवर येतं. आतून सोडलं की ते पिलरच्या बुडाशी जाऊन बसतं. दिवसातून एकदा, आठवडाभर. घाई करणाऱ्यानं दहाव्या मिनिटाला हातोडी उचलली की खेळ संपला.

दुसरं, पाना पिलरला लावू नका. सीट काढा, पिलरचं डोकं मोठ्या व्हाइसमध्ये घट्ट आवळा आणि सगळी फ्रेम धरून फिरवा. फ्रेम हीच तुमची तरफ. एवढी लांब तरफ कुठल्या पान्याला नसते. झटके द्यायचे नाहीत, सावकाश दाब वाढवायचा आणि धरून ठेवायचा. "टक्" असा आवाज आला तर समजा जिंकलात. मग ओढू नका, थोडं पुढं-थोडं मागं करत फिरवतच बाहेर काढा. घरच्या टेबलाला लावलेली व्हाइस उपटून हातात येईल. त्यापेक्षा शिवाजी उद्यमनगरात जा. तिथं ऑइल इंजिनाची कामं केलेली माणसं आहेत, टेबलं जमिनीत गाडलेली आहेत. सायकल बघून आधी हसतील. हसू द्या. फिरवायच्या आधी पिलरच्या नळीत बर्फाचा चुरा भरून बघा. गार केलं की तेच दुप्पटचं गणित आपल्या बाजूनं चालतं.

माझ्या बाबतीत चिरेमुळं जोर लावताच येत नव्हता. मग पिलर फ्रेमच्या वर इंचभर ठेवून कापला आणि हॅकसॉचं पान फडक्यात गुंडाळून आतून उभ्या दोन चिरा पाडल्या. तीन संध्याकाळी गेल्या, मनगट आठवडाभर दुखलं. भीती एकच, पान ॲल्युमिनियम संपवून फ्रेमच्या नळीत शिरायची. त्यावर उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं सांगितलेली युक्ती: पडणारा भुसा कागदावर घ्या आणि चुंबक फिरवा. ॲल्युमिनियमचा भुसा चुंबकाला चिकटत नाही. चिकटायला लागला की थांबा. दोन चिरा झाल्यावर एक फाक पक्कडीनं आत मुडपली आणि उरलेलं हातानं निघालं. आत पांढरी भुकटी, चुन्यासारखी.

कॉस्टिक सोड्यानंही ॲल्युमिनियम विरघळतं आणि स्टीलला धक्का लागत नाही, हे खरंय. पण त्यातून हायड्रोजन निघतो, नळी चांगलीच तापते, रंग जातो आणि एक थेंब डोळ्यात गेला तर सायकल कुणाला पाहिजे? मी केलं नाही. घरात लहान पोरं असतील तर तुम्हीही करू नका.

चिरीचं काय झालं, तर त्याच लेथवाल्यानं ओळखीच्या माणसाकडं पाठवलं, त्यानं पितळ लावून भरली. साध्या आर्क वेल्डिंगला देऊ नका. क्रोमोलीची नळी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाड, सरळ भोक पडेल. पितळ लावल्यावर कानस मारली, काळा रंग दिला. दिसायला जखमेवरच्या खपलीसारखं दिसतं, पण आजतागायत धरून आहे. म्हणून म्हणतो, स्टीलची फ्रेम भंगारात घाला म्हणणाऱ्याच्या दुकानात परत पाऊल टाकू नका. चीर, पोचा, फ्रेमचे मागच्या चाकाचे पाय चार मिलिमीटर फाकवून १२६ मिलिमीटर रुंद हबच्या जागी १३० चं चाक बसवणं, हे सगळं स्टीलला चालतं. ॲलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे पाय असे फाकवायला जाऊ नका.

नवीन पिलर घेताना व्हर्नियरनं नळी आतून मोजा. हे माप ०.२ मिलिमीटरच्या फरकानं बदलतं. मला २७.२ पाहिजे होता, "एकच असतंय ओ" म्हणून २७ चा गळ्यात मारला. तो रोज मुंगीच्या पावलानं खाली सरकायचा. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची एक गुंडाळी घालून महिना काढला, मग बरोबर मापाचा आणला.

जाता जाता टायरचं. "अठ्ठावीसचा द्या" म्हणून आणू नका. जुन्या काळ्या सायकलींचा २८ × १½ हा ६३५ मिलिमीटरच्या रिमचा, तुमच्या हायब्रिडचा ७०० म्हणजे ६२२ च्या रिमचा. रबरावर कोरलेला तीन आकडी नंबर बघूनच पैसे द्या. माझा एक टायर असाच माळ्यावर पडलाय.

आता माझ्याकडं वर्षातून दोनदा पिलर बाहेर येतो: मृग लागायच्या आधी आणि खंडेनवमीला, पूजेसाठी सायकल पुसतानाच. जुना ग्रीस पुसायचा, नवीन लावायचा, परत घालायचा. दहा मिनिटं. भाचा म्हणतो मामाची पूजा लांबली.

आणि एक राहिलंच, खरं तर पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं. पिलरच्या उघड्या भागाला चुंबक लावून बघा. चिकटला तर तुमचा पिलरही स्टीलचाच आहे. मग बर्फ, कॉस्टिक, दुप्पटचं गणित सगळं विसरा. आतून तेल, आठवडाभर धीर आणि उद्यमनगरातली व्हाइस एवढ्यावर बहुतेक भागतं. काय निघालं ते इथं कळवा.