वाचकांचे प्रश्न : हैतीला जाऊन आलेला माणूस नेमके काय पाहून येतो?

गेल्या अंकातील कॅरिबियन बेटांवरील लेखात हैतीचा विषय एका परिच्छेदात आटोपला होता. त्यावर सीमाभागातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा पुतण्या काही वर्षे क्रूझ जहाजावर नोकरीला होता. त्याचे जहाज हैतीतील लाबादी येथे थांबत असे. तो म्हणतो, इतका स्वच्छ आणि सुंदर किनारा त्याने अन्यत्र पाहिला नाही. आपल्या लेखात मात्र भूक, कचरा आणि बंदुका यांखेरीज काही नव्हते. खरे कोणाचे मानायचे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दोघांचेही खरे आहे. लाबादी हा हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा, कॅप-हैशियन शहराजवळचा भूभाग असून १९८० च्या दशकात तेथील सरकारने तो एका अमेरिकी क्रूझ कंपनीला भाडेपट्ट्याने दिला. जागेभोवती कुंपण आहे आणि फाटकावर पहारा असतो. जहाजे येत तेव्हा प्रवाशांना बाहेर पडता येत नसे आणि ज्या गावकऱ्यांकडे परवाना असे तेवढेच आत येऊन काम करू शकत किंवा मुखवटे, चित्रे, लाकडी वस्तू विकू शकत. सरकारला दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम मिळत असे. १२ जानेवारी २०१० रोजी राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, लाखाच्या वर माणसे दगावली आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी याच किनाऱ्यावर पर्यटकांचे जहाज लागले. जहाजातून मदतीचे सामानही उतरवले गेले, तरीही ढिगाऱ्याखालून माणसे काढली जात असताना त्याच देशात कोणी समुद्रस्नान करावे का, यावर जगभर वाद झाला. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांची रोजी बुडू नये म्हणून जहाजे यावीत असे म्हणणारे हैतीतही होते, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

कुंपणाबाहेर पडून कॅप-हैशियनहून मिलो या गावी गेलेल्या प्रवाशांचे अनुभव निराळे आहेत. गावात सां-सूसी या राजवाड्याचे अवशेष आहेत. १८४२ च्या भूकंपात तो उद्ध्वस्त झाला. तेथून वर, सुमारे ९०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर, ‘सितादेल’ हा प्रचंड किल्ला उभा आहे. पायथ्याशी घोडेवाले आणि वाटाडे प्रवाशाला अक्षरशः गराडा घालतात, नको म्हटले तरी दोघे-तिघे बरोबर चालू लागतात आणि खाली आल्यावर सर्वांचाच मोबदला द्यावा लागतो. बहुतेक प्रवासवर्णनांत ही तक्रार आढळते. वर पोहोचल्यावर मात्र तक्रारीचा सूर संपतो. गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी फ्रेंच परत येतील या धास्तीने बांधलेल्या त्या भिंती, रांगेने मांडलेल्या तोफा आणि आजही रचून ठेवलेले तोफगोळे पाहून माणूस गप्प होतो. हा किल्ला बांधून घेणारा राजा आँरी क्रिस्तॉफ याने १८२० मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याला याच किल्ल्यात पुरले. किल्ल्यावर शत्रूचा हल्ला कधी झालाच नाही. १९८२ पासून ही वास्तू जागतिक वारसा यादीत आहे.

शहरांतून फिरलेल्यांच्या लेखनात ‘टॅप-टॅप’ हमखास येते. लहान ट्रकच्या मागे समोरासमोर दोन बाकडी टाकलेली, वर लाकडी छप्पर आणि त्यावर भडक रंगांत बायबलमधील वचने, फुटबॉलपटू, संतांची चित्रे. उतरायचे असेल तेव्हा पत्र्यावर ठोकायचे. दुसरी नोंद शाळकरी मुलांची. पाणी विकत आणावे लागते, वीज दिवसातून काही तासच येते, अशा वस्तीतून सकाळी मुली कडक इस्त्रीचा गणवेश घालून आणि गणवेशाच्याच रंगाच्या फिती केसांत बांधून बाहेर पडतात. तेथील बहुसंख्य शाळा खासगी आहेत, म्हणजे ही फी पोटाला चिमटा काढून भरलेली असते. राजधानीच्या वरच्या अंगाला पेत्योंव्हिल या उपनगरात परदेशी संस्थांच्या भिंतीआड चार दिवस राहून ‘हा देश निकामी आहे’ असे लिहिणाऱ्यांच्या नजरेतून हे दृश्य कसे सुटते, याचे आश्चर्य वाटते.

प्रश्न : हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक एकाच बेटावर आहेत, मग एक देश पर्यटकांनी गजबजलेला आणि दुसरा कंगाल, असे का? (एक निवृत्त शिक्षक, चिकोडी)

उत्तर : फ्रेंचांच्या काळात बेटाचा हाच पश्चिमेचा भाग, म्हणजे आजचा हैती, जगातील सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक होता आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा व कॉफीचा फार मोठा वाटा येथून जात असे. ती श्रीमंती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर उभी होती. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून ‘आमच्या मळेवाल्यांचे नुकसान भरून द्या, तरच तुमचे स्वातंत्र्य मान्य करू’ असे बजावले. रक्कम होती १५ कोटी फ्रँक. पुढे ती ९ कोटींवर आणली गेली, पण पहिला हप्ता भरण्यासाठीच फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावे लागले. या खंडणीतून सुरू झालेली कर्जफेड १९४७ पर्यंत चालली. माणसाने स्वतःच्या सुटकेची किंमत आपल्याच मालकाला चार पिढ्या व्याजासह मोजावी, असा हा प्रकार होता. त्यात १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजांचा ताबा आणि १९५७ पासून १९८६ पर्यंत दुव्हालिए पिता-पुत्रांची हुकूमशाही. सर्व दोष परक्यांच्या माथी मारता येणार नाही. या पिता-पुत्रांनी खजिना धुऊन नेला.

डोमिनिकन बाजूची कथा वेगळी असली तरी दोन्ही देश परस्परांपासून तुटलेले नाहीत. आपल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, तसे हैतीचे मजूर पिढ्यान्‌पिढ्या सीमा ओलांडून डोमिनिकन मळ्यांत ऊस तोडायला जात आले आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियो याच्या हुकमाने सीमेवरील हजारो हैतियनांची कत्तल झाली. २०१३ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने १९२९ नंतर जन्मलेल्या, बेकायदा स्थलांतरितांच्या मुलांना नागरिकत्वाचा हक्क नाही असा निकाल दिला आणि तेथेच जन्मून वाढलेली असंख्य माणसे रातोरात कोणत्याच देशाची राहिली नाहीत. २०२३ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात एक कोटीहून अधिक पाहुणे आले. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या हॉटेलांच्या बांधकामांवर हैतीचे गवंडी आणि बिगारी मोठ्या संख्येने राबले आहेत.

प्रश्न : तेथील लोक मुख्यतः भात खातात असे वाचले. भात तेथेच पिकतो का? (एक भात उत्पादक शेतकरी, बेळगाव तालुका)

उत्तर : आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात चांगला पिकतो आणि एके काळी देशाची बरीचशी गरज त्यावर भागत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यास परदेशी दडपणाखाली तांदळावरील आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले आणि सरकारी अनुदानावर पिकलेला स्वस्त अमेरिकी तांदूळ बाजारात ओतला गेला. शेतकरी शेती सोडून राजधानीच्या झोपडपट्ट्यांत दाटीवाटीने राहू लागले. २०१० मध्ये माजी अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे या धोरणाची चूक कबूल केली. तोवर गावे ओस पडली होती. प्रवाशाच्या पानात आज घेवड्यासारख्या दाण्यांबरोबर शिजवलेला जो भात पडतो, तो बहुधा आयात केलेलाच असतो. सोबत तळलेली कच्ची केळी आणि कोबी-गाजर-मिरचीचे शिरक्यातले झणझणीत ‘पिक्लीझ’ असते. शाकाहारी माणसाने भातात डुकराची चरबी नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : मी समाजकार्याचे शिक्षण घेत आहे. हैतीतील एखाद्या अनाथाश्रमात महिनाभर सेवा करण्याची इच्छा आहे. (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : इच्छा चांगली आहे, पण सध्या जाऊ नये. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष जोव्हनेल मोईज यांची हत्या झाल्यापासून राजधानीचा बहुतांश भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला आहे. मार्च २०२४ मध्ये विमानतळ बंद पडला आणि भारत सरकारला ‘ऑपरेशन इंद्रावती’ राबवून १२ भारतीयांना शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात हलवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रवासी विमानांवर गोळीबार झाला.

शांतता असती तरीही आम्ही आपल्याला अनाथाश्रमाचा मार्ग सुचवला नसता. हैतीतील अशा आश्रमांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कित्येकदा दोघेही, हयात असतात. घरी दोन वेळचे अन्न आणि शाळेची फी परवडत नाही म्हणून मूल तेथे ठेवलेले असते. परदेशी पाहुणे महिनाभर येतात, मुलांना लळा लावून जातात, देणग्या पाठवतात आणि त्या देणग्यांच्या आशेने नवे आश्रम निघतात, तेव्हा ते भरण्यासाठी मुलेही शोधून आणली जातात. आपल्याला मदतच करायची असेल, तर मुलांना त्यांच्या घरीच ठेवून कुटुंबाला फी आणि उपजीविकेसाठी हातभार लावणाऱ्या, स्थानिक लोक चालवत असलेल्या संस्थांची माहिती मिळवावी, त्यांचे हिशेब तपासावेत आणि जमेल तेवढी रक्कम पाठवावी. विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तेथील एका मुलाच्या शाळेची काही वर्षांची सोय होऊ शकेल.