सतरा नंबरचं कार्ड

प्रश्न : काका, नमस्कार. सासऱ्यांच्या पश्चात लालबागच्या आमच्या खोलीतली त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी सुतळीने बांधलेली २३ छोटी रंगीत कार्डं निघाली. पुढे पक्ष्यांची चित्रं, मागे नंबर आणि मराठी-गुजरातीत मजकूर : ‘संपूर्ण संच (१ ते २४) आणून देणारास ६२ न. पै. किंमतीची मोठी बाटली मोफत. आमचे कोणत्याही एजंटाकडे चौकशी करावी. मुंबई ४.’ कंपनीचं नाव नाही. कोपऱ्यात फक्त हरणाचं चित्र, त्याखाली ‘रजि.’ आणि सहा आकडी नंबर. १७ नंबरचं कार्ड तेवढं नाही. आतेसासूबाई म्हणतात, ही चहाच्या पुड्यातून यायची आणि १७ नंबर अख्ख्या चाळीत कुणाकडेच नव्हता. शेजारचे म्हणतात ही ब्रिटिशांच्या वेळची सिगारेटची कार्डं, लाखात जातील. ९ आणि १६ नंबरची कार्डं पाठवते आहे. कोणाची असतील, कधीची असतील?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, दोन्ही कार्डं पोचली आणि पाहून झाल्यावर स्पीड पोस्टाने परत निघालीही आहेत. मिळाली की आधी त्या सुतळीतच ठेवा, नंबरांच्या क्रमाने.

सिगारेटचं आधी मिटवू. सिगारेटमध्ये कार्ड घालायची पद्धत निघाली ती मऊ कागदी पाकीट दबून आतला माल चुरगळू नये म्हणून. त्यामुळे कार्डाचं माप पाकिटाशी बांधलेलं असे, साधारण ६७ मिलिमीटर बाय ३६. आपल्याकडेही ‘विल्स’च्या ‘सिझर्स’ सिगारेटबरोबर १९१२ साली हिंदी (म्हणजे भारतीय) पलटणींच्या ५० चित्रांचा संच आला होता. तुमचं कार्ड मी पट्टीने मोजलं, ते भरलं ९ सेंटिमीटर बाय ६. दहाच्या पाकिटात ते दुमडल्याशिवाय जाणार नाही आणि तुमच्या कार्डांना घडी नाही. शिवाय नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळा दिवा मी त्यावर धरला (लोहार चाळीत सहज मिळतो). कागद निळसर पांढरा उजळला. कागदाला ही चमक आणणारी रसायनं १९५० च्या आसपास सर्रास वापरात आली. तेव्हा ब्रिटिशांची वेळ गेली. लाखाचं म्हणाल, तर या सदरात मी कशाचीही किंमत सांगत नाही, आणि ट्रंकेतली वस्तू ट्रंकेतच राहावी असं माझं सरळ मत आहे.

आता साल. ते तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला. म्हणजे कार्डं या सात वर्षांतली. पण मला त्याहून बोलका वाटला तो ६२ हा आकडा. नव्या हिशेबात कोण शहाणा दुकानदार ६२ पैसे किंमत लावेल? ६० लावेल, ६५ लावेल. मात्र जुने दहा आणे नव्या पैशांत मांडले की साडेबासष्ट होतात आणि सरकारी कोष्टकात त्याचे ६२ धरले होते. ही बाटली आधी दहा आण्यांची होती आणि मालकाने किमतीला हात न लावता फक्त भाषांतर केलं. असं फार वर्षं चालत नाही. माझा अंदाज १९५७ नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांचा आहे.

‘मुंबई ४’ याच्याशी जुळतं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी शहराचे नुसते विभाग होते आणि ४ म्हणजे गिरगाव. आजच्या ४०० ००४ मधला शेवटचा चार तोच. गुजराती मजकुरावरून मात्र कुणी तुम्हाला ‘हे महाराष्ट्र-गुजरात एकत्र असतानाच्या द्विभाषिक राज्यातलं, १९६० च्या आधीचंच’ असं सांगितलं तर मान डोलावू नका. मुंबईचा व्यापारी त्याच्या आधीही दोन्ही भाषांत छापत होता आणि नंतरही.

छपाईकडे येतो, कारण ते माझं क्षेत्र. मी गिरगावातल्या एका प्रेसमध्ये ३४ वर्षं ट्रेडल, म्हणजे खिळ्यांनी छापणारं छोटं यंत्र, चालवली. तुमच्या कार्डाच्या मागच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि जुना हात ओळखला : अक्षरं दबलेली आहेत. भिंगाखाली प्रत्येक अक्षराच्या कडेला शाईची गडद रेघ दिसते, खिळ्याने (शिशाच्या अक्षराने) कागद दाबला की शाई कडेला सरकते तशी. पुढचं चित्र मात्र सपाट, चार रंगांच्या ठिपक्यांचं, ऑफसेटवरचं. १६ नंबरच्या पोपटाची लाल चोच तर केसभर बाहेर सरकली आहे. म्हणजे दोन बाजू दोन वेगवेगळ्या यंत्रांवर छापल्या. असं का करतील? दिवाळीला वाण्याकडून मिळणारं कॅलेंडर आठवा. लक्ष्मीचं चित्र कुठेतरी हजारोंनी छापलेलं असतं, खाली दुकानाचं नाव नाक्यावरचा प्रेसवाला टाकून देतो. चित्रांचे असे तयार ताव आमच्याकडेही यायचे आणि मागचा मजकूर आम्ही मारायचो. म्हणून चित्रावरून मालक शोधायला जाऊ नका. हेच पक्षी उद्या एखाद्या साबणाच्या किंवा बिस्किटांच्या कार्डावर सापडतील आणि तुमची गल्ली चुकेल. तुमचा मालक कार्डाच्या पाठीवर बसलाय.

पाठीवर ‘मोठी बाटली’ लिहिलंय. म्हणजे छोटीही होती. चहा बाटलीत मिळत नाही. ९ नंबरच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा तेलकट डाग आहे, कार्ड खिडकीशी धरलं की तिथून उजेड आरपार येतो. कोरड्या चहाने असा डाग पडत नाही. मला वाटतं, हे केसांचं तेल असावं आणि कार्ड बाटलीच्या खोक्यात असावं. आतेसासूबाईंना खोटं पाडायचं नाही. चहावाल्यांनीही कधी काही वाटलं असेल, साठ-पासष्ट वर्षांत दोन्ही आठवणी एकत्र आल्या असतील. त्यांना ‘कशातून यायची’ असं पुन्हा विचारू नका, उत्तर तेच येईल. घरात ती कोण आणायचं, कोणत्या दिवशी, नवीन कार्डाला वास कसला यायचा, गॅलरीत त्यांचा डाव कसा मांडायचे, हे विचारा. दोन्ही कार्डांचा एकच कोपरा बोथट झालाय, काड्यापेटीचे छाप खेळताना जमिनीवर आपटून होतो तसा. डावापासून सुरुवात केलीत तर बाईंना बाटलीही आठवेल.

आणि आता ते सतरा. तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यासाठी मी रात्री पुन्हा भिंग काढलं. ९ नंबरच्या उजव्या कडेला दोऱ्याएवढी निळी पट्टी आहे. ती त्या कार्डाची नाही, तावावर शेजारी असलेल्या चित्राची आहे. कटिंगला सुरी किंचित सरकली की शेजाऱ्याचा तुकडा असा येतो. तुमच्याकडचं १० नंबर काढा आणि डावी कड निळी आहे का पाहा. असेल, तर तावावर चित्रं नंबरांच्या क्रमाने लागली होती. कारण १६ नंबरच्या उजव्या कडेलाही अशीच पट्टी आहे, पिवळी, वर काळ्याचा एक ठिपका. ते तुमचं सतरा. हळद्या असेल का? पिवळं अंग, काळा पंख. असेलही, पण एवढ्याशा पट्टीवरून मी छातीठोक सांगणार नाही.

म्हणजे १७ छापलं गेलं होतं. मग चाळीत एकालाही का मिळालं नाही? बक्षिसाच्या संचातला एक नंबर दाबून ठेवणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. अमेरिकेत ‘गौडी’ नावाच्या च्युइंगगम कंपनीने १९३३ च्या बेसबॉल संचात १०६ नंबरचं कार्ड छापलंच नाही. पोरं १०५ वरून १०७ वर जायची आणि गम घेत राहायची. तक्रारीची पत्रं आली तेव्हा पुढच्या वर्षी ते छापून पत्र लिहिणाऱ्यांना पाठवलं. तुमच्याकडे तावावर होतं ते नंतर बाजूला काढलं गेलं असणार. तुमच्या सासऱ्यांनी २३ कार्डं आयुष्यभर सुतळीत बांधून ठेवली, त्या मुलाला ती बाटली मिळायला हवी होती. मला याचा खरंच राग येतो.

शोध पुढे न्यायचा तर हरणाखालचा नंबर धरा. ‘रजि.’ म्हणजे रजिस्टर्ड, नोंदवलेला ट्रेडमार्क. १९४० च्या कायद्याने आपल्याकडे ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली. रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे, सध्या अँटॉप हिलला. त्यांच्या संकेतस्थळावर नंबर घालून फुकट शोधता येतं. तिथे काही आलं नाही तर ट्रेडमार्क जर्नलचे जुने अंक आहेत, त्यात चित्रासकट मालकाचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. दुसरी वाट दादर पूर्वेला, नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची. १९५७ ते ६१ चे दिवाळी अंक मागवा आणि फक्त जाहिराती चाळा. नाव शोधू नका, हरिण शोधा.

कार्डं पुसू नका, त्यांना चिकटपट्टी लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. माझ्या वडिलांनी खळीने वहीत चिकटवलेली अशी कार्डं मी विसाव्या वर्षी पाण्यात भिजवून सोडवली. चित्रं सुटली, पाठीवरची अक्षरं खळीबरोबर गेली. ती कुणाची होती ते आता कळायला मार्ग नाही. पावसाळ्यापुरती बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, सिलिका जेलची एक पुडी टाका, बस.

वाचकांपैकी कुणाच्या घरी, विशेषतः गिरगाव, परळ, लालबागकडे, पाठीवर हरिण असलेलं पक्ष्याचं कार्ड असेल तर नंबर पाहा. सतरा असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा. ताईंना मी लगेच कळवेन.