दगडाला पाय लागला तर नमस्कार करायचा का?

प्रिय सई,

रविवारी इथे तैवानमध्ये दातानच्या किनाऱ्यावरून परत येताना तू गाडीत विचारलंस, "आई, पाय लागला की आपण नमस्कार का करतो? आणि दगडाला लागला तरी करायचा का?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि आपलं शिनचू यायच्या आत तू झोपलीस. म्हणून हे पत्र. शनिवारी मराठी वाचायला बसशील तेव्हा हेच वाच, धड्यापेक्षा बरं असेल.

आधी माझी चूक. किनाऱ्यावर तू धडपडलीस, मग वाकून त्या गुलाबी खडकाला हात लावलास नि तोच कपाळाला लावलास. तेव्हा मी हसले. हसायला नको होतं.

आजीने मला या सवयीचं कारण कधी सांगितलं नाही. ताट, पुस्तक, केरसुणी, शेजारी झोपलेला मामा, कशालाही पाय लागला की ती नुसती माझ्याकडे बघायची आणि माझा हात आपोआप खाली जायचा. एकदा मी वाद घातला, "पुस्तकाला कुठे दुखतं?" तर म्हणाली, "त्याला नसेल दुखत. पण तू बघून चालत नाहीस, ते तुला कळायला नको?" सकाळी पलंगावरून उतरण्याआधी ती जमिनीला हात लावते, ते तू सुट्टीत पाहिलंयस. पाय तर ठेवायलाच लागणार, म्हणून आधीच क्षमा मागून ठेवते.

आता तो दगड. त्याची वरची साल म्हणजे चक्क शेवाळ आहे! आपल्याला शेवाळ म्हटलं की पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर धरतं ते हिरवं, बुळबुळीत आठवतं. हे लाल शैवालांच्या कुळातलं. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन ते आपल्या पेशींच्या भिंतींत भरतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. तुझ्या तळव्यावरचा ओरखडा त्याचाच. अंड्याचं कवचही याच पदार्थाचं, आणि पणजोबांच्या चंचीतला चुनासुद्धा शिंपले नाहीतर चुनखडी भाजूनच केलेला. जिवंत असते ती वरची पातळ गुलाबी साल. तिच्याखाली आधीच्या पिढ्यांनी सोडलेली घरं, एकावर एक. शिंपले, खडे, जे मधे येईल ते ही साल सिमेंटसारखं सांधून टाकते. वर्षाला एक मिलिमीटर वाढली तरी खूप. तुझ्या उंचीएवढा थर व्हायचा तर हजार-दीड हजार वर्षं सहज जातील.

दातान ज्या ताओयुआनमध्ये येतं, तिथल्या किनाऱ्यावर असा खडक सुमारे २७ किलोमीटर पसरलाय आणि त्यातला सगळ्यात जुना भाग साडेसात हजार वर्षांच्या आसपासचा आहे. तू विचारत होतीस की इथे पोवळ्यांची रंगीत बेटं का नाहीत. बहुतेक पोवळ्यांना नितळ पाणी लागतं. इथलं पाणी गढूळ, लाटांबरोबर वाळू येते. तिथे हे शेवाळ तग धरतं. तरी २०१७ मध्ये दातानच्याच खडकात एक दुर्मीळ पोवळं सापडलं. तैवानच्या कायद्याने त्याला सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. ते भोकाभोकांतून पळणारे खेकडे तर तू मोजायलाच बसली होतीस.

जवळच जे मोठं बांधकाम दिसलं, ते जहाजातून येणारा गॅस उतरवून घ्यायचं टर्मिनल. त्यावरून इथे मोठं भांडण झालं. ते दुसरीकडे हलवावं का, यावर १८ डिसेंबर २०२१ ला अख्ख्या देशाचं मत घेतलं. "हलवा" म्हणणारे ३९ लाख, "नको" म्हणणारे ४१ लाखांहून जास्त. सरकारने त्याआधीच बंदर किनाऱ्यापासून आणखी ४५५ मीटर दूर, समुद्रात सरकवायची तयारी दाखवली होती. आपण परदेशी, आपल्याला मत नव्हतं. असतं तर मी "हलवा"वर शिक्का मारला असता. बाबा म्हणतो, "आणि घरी येऊन एसी लावला असतास." गॅस हवा तो विजेसाठी आणि ती वीज आपणही वापरतो, त्यामुळे माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण साडेसात हजार वर्षांच्या गोष्टीसाठी लाखो लोक रांगेत उभे राहिले, हे मला आवडलं.

तर तुझं उत्तर: त्या दगडाला नमस्कार करायचा. तू केलास तो बरोबर होता, माझाच राहिला.

तुझ्या बुटाच्या खाचेत त्याचा एक तुकडा अडकून आला होता. रविवारी गुलाबी होता, आज पांढरा पडलाय. मेलं की रंग जातो. खिडकीत ठेवलाय, टाकू नकोस.

पुन्हा जायचं तर अमावस्या नाहीतर पौर्णिमा बघून जाऊ, ओहोटी मोठी असते. अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही. आजीला फोन करून तिथी तूच विचार. आणि या वेळी आपण कडेच्या वाळूवरूनच बघू.

तुझी,
आई