पहिलीच सभा घेतोयस? एवढं बघ

भावा, उत्साह झकास, पण पहिल्याच वेळी मोर्चाचं डोक्यात घेऊ नकोस. कोल्हापुरात बिंदू चौकात संध्याकाळी तासाभराची सभा धर. फुले-आंबेडकरांचे पुतळे तिथं १९५० पासून आहेत, कुणाला पत्ता सांगावा लागत नाही.

- पोलीस ठाण्यात अर्ज आधी दे आणि शिक्का मारलेली पोच खिशात ठेव. स्पीकरची परवानगी वेगळी मागायची; रात्री १० नंतर तो बंदच.
- मागणी एकच. पाणीपट्टीपासून पॅलेस्टाईनपर्यंत सगळं एका फलकावर कोंबलं की वाचतंय कोण?
- वक्ते तीनच. नवखी पोरं प्रत्येक पाहुण्याला माईक देतात आणि मुख्य माणूस उभा राहतो तेव्हा समोर मंडपवाला तेवढा उरतो.

२६ जून मात्र टाळ. शाहू जयंतीला सगळे कार्यकर्ते आधीच गुंतलेले असतात. वर्गणी, संस्था-नोंदणी नंतर बघू.