खोक्यातून निघाला तोच आजारी: नव्या मोबाईलबद्दल वाचकांचे प्रश्न

नव्या घेतलेल्या मोबाईलच्या तक्रारींची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची, कंपन्यांची आणि दुकानांची नावं गाळली आहेत.

ऑनलाइन मागवलेला, चार दिवसांपूर्वी हातात आलेला अठरा हजारांचा फोन आहे. बोलताना कानाला लावला तरी स्क्रीन बंद होत नाही. गालाने म्यूट दाबलं जातं, कधी कॉल होल्डवर जातो. साइटवाले म्हणतात सर्व्हिस सेंटरला जा, सेंटरवाले म्हणतात पुढच्या अपडेटमध्ये होईल. काय करू? (सांगली)

अपडेटची वाट पाहू नका. तुमचे चार दिवस संपलेत, आणि अशा खरेदीत बदलून मिळण्याची मुदत बहुतेक वेळा सातच दिवसांची असते, तीही फोन हातात पडल्यापासून मोजलेली. म्हणून आधी त्या साइटच्या ॲपमध्ये जाऊन रिप्लेसमेंटची रीतसर विनंती टाका आणि तिच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवरून कुणी ‘नोंद घेतली’ म्हणालं तर ती नोंद धरू नका. दोष शोधायचं काम त्यानंतर.

हा दोष प्रॉक्सिमिटी सेन्सरचा, म्हणजे कान जवळ आलाय हे ओळखून स्क्रीन बंद करणाऱ्या सेन्सरचा. स्क्रीन गार्ड आणि कव्हर दोन्ही काढून एक कॉल करून पाहा. स्वस्त फोनांत पुष्कळदा हा सेन्सर वेगळा नसतोच. इअरपीसमधून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या परतीवरून अंतर ताडलं जातं. गार्डची कड इअरपीसच्या जाळीवर आली की हा अंदाज चुकतो. गार्ड काढून फोन सुधारला तर दोष गार्डचा, फोन बदलायची गरज नाही.

नाही सुधारला तर कंपनीची स्वतःची चाचणी लावा. सॅमसंगमध्ये डायलरवर *#०*#, शाओमी, रेडमी, पोकोमध्ये *#*#६४८४#*#* दाबलं की चाचण्यांची यादी उघडते; त्यात सेन्सर निवडून वरच्या कडेवर हात फिरवा. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा (बऱ्याच फोनांत पॉवर मेनूतलं ‘बंद करा’ हे बटण स्क्रीनवर दाबून धरलं की हा पर्याय येतो) आणि पुन्हा एक कॉल करा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे तिथेही तोच प्रकार झाला तर ‘तुमच्या एखाद्या ॲपमुळे होतंय’ हे उत्तर निकालात निघतं.

दुसऱ्या फोनवरून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. सुरुवातीला *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दाखवा, खोक्यावरचा तोच आकडा शेजारी धरा, आणि कट न करता लगेच कॉल लावून दोष दाखवा. हे सगळं एकाच शॉटमध्ये हवं.

सेंटरमध्ये गेलात तर काउंटरवरचा मुलगा जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा केल्याच्या पावतीवर, ‘सॉफ्टवेअर चेक’ एवढंच लिहील. सही करण्याआधी ‘कॉल चालू असताना स्क्रीन बंद होत नाही, गार्ड काढून तपासले’ असं पूर्ण वाक्य लिहून घ्या. ‘सॉफ्टवेअर मारून देतो, तीन दिवस ठेवा’ याला मुदत चालू असताना हो म्हणू नका. फोन त्यांच्या कपाटात आणि मुदत संपलेली, ही नेहमीची गोष्ट आहे. डीओए, म्हणजे फोन मुळातच सदोष असल्याचा दाखला, मागा. नाकारला तर नकार जॉबशीटवर लेखी घ्या.

एवढ्यावरही साइट टोलवत असेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात तक्रार सोडवायला हवी. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

नवा फोन इस्त्रीसारखा तापतो आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते. बॅटरी खराब आहे का? (नागपूर)

पहिल्या दोन-तीन दिवसांवरून काही ठरवू नका. त्या काळात फोन व्हॉट्सॲपचे जुने मेसेज उतरवत असतो, फोटोंची छाननी करत असतो, पन्नास ॲप अपडेट करत असतो. त्यात नागपूरचा उन्हाळा आणि घरात अर्ध्या कांडीचं नेटवर्क असेल तर तापणारच. सिग्नल कमजोर असला की फोन जास्त जोर लावून टॉवरशी बोलतो.

चौथ्या दिवसानंतर रात्री ही चाचणी करा. ८० टक्के चार्ज, फ्लाइट मोड, वायफाय बंद, आठ तास हात लावायचा नाही. सकाळी दोन-तीन टक्के कमी झाले असतील तर बॅटरी ठीक आहे, आणि तुमची बॅटरी कुठलं तरी ॲप खातंय. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव वरच दिसेल. आठ-दहा टक्के गेले तर संशयाला जागा आहे. सलग दोन रात्री तेच झालं तर दोन्ही सकाळचे स्क्रीनशॉट घेऊन सेंटरला जा.

फोन तापतो कुठे, तेही बोटाने पाहा. कॅमेऱ्याच्या आसपास तापणं बहुधा प्रोसेसरचं असतं आणि गेम, व्हिडिओ कॉल, हॉटस्पॉट यांत ते चालायचंच. फोन पडून असताना मधला भाग गरम लागतो, हे मात्र बरं लक्षण नाही. पाठ फुगली, कडेला स्क्रीन उचलली गेली किंवा टेबलावर उताणा ठेवलेला फोन डुगडुगायला लागला तर त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका. गार करायला फ्रिजमध्येही ठेवू नका. आत पाणी सुटतं आणि त्याचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

दीड महिन्याचा फोन. सर्व्हिस सेंटर म्हणतं पाणी गेलंय, वॉरंटी नाही. विकताना तर आयपी६८ म्हणून वॉटरप्रूफ सांगितला होता. (चिपळूण)

आयपी६८ म्हणजे प्रयोगशाळेत, स्थिर गोड्या पाण्यात, कंपनीने स्वतः सांगितलेल्या खोलीवर घेतलेली चाचणी, बहुतेकदा दीड मीटर आणि तीस मिनिटं. समुद्र, साबणाचं पाणी, नळाची धार यात धरलेलं नाही. आणि गंमत अशी की बहुतेक कंपन्या हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापतात, पण पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीतून वगळतात.

सेंटर ज्यावर बोट ठेवतं तो एक बारीक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होणारा. बऱ्याच फोनांत तो सिमच्या खाचेत असतो. ट्रे काढून टॉर्च मारला की दिसतो. नुसत्या दमट हवेने तो रंग बदलू नये अशीच त्याची रचना असते, त्यामुळे ‘कोकणातली हवाच तशी’ हा युक्तिवाद टिकायचा नाही. मात्र एका ठिपक्यावर समाधान मानू नका. फोन उघडला असेल तर आतल्या बोर्डावर गंज किंवा डाग कुठे आहे त्याचा फोटो आणि जॉबशीटवर लेखी कारण मागा. बोर्ड स्वच्छ आणि फक्त खाचेतला ठिपका लाल असेल, तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला तुमच्याकडे मुद्दा आहे.

जाता जाता: वक्र स्क्रीनवर पातळ गोंद ओतून जांभळ्या दिव्याने सुकवायची यूव्ही गार्ड नव्या फोनला लावू नका. गोंद इअरपीसमध्ये आणि बाजूच्या बटणांत उतरतो, आणि मग वॉरंटी नाकारायला सेंटरला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

१२८ जीबीच्या फोनमध्ये शंभरच्या आसपासच जागा मोकळी दिसते. फसवणूक आहे का? (ठाणे)

नाही. कंपनी बाइटपासून जीबीपर्यंतची प्रत्येक पायरी हजाराची धरते. प्रत्येक पायरी १०२४ ची धरली तर तेच साधारण ११९ भरतात. उरलेली जागा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप खातात. नको ती काढून टाका.

दुकानातून सीलबंद फोन घेतला. कंपनीच्या साइटवर पाहिलं तर वॉरंटीचे दोन महिने आधीच संपलेले! (डोंबिवली)

फोन पहिल्यांदा सुरू होऊन नेटला जोडला की बऱ्याच कंपन्यांकडे ती तारीख नोंदली जाते. म्हणजे तुमच्याआधी कुणीतरी तो सुरू केला होता. तीन ठिकाणचे आयएमईआय जुळवा: बिल, खोकं आणि *#०६#. दोन सिमच्या फोनात पंधरा आकड्यांचे दोन क्रमांक येतात. शिवाय केवायएम लिहून जागा सोडून आयएमईआय असा इंग्रजी अक्षरांत एसएमएस १४४२२ ला पाठवा. ब्रँड आणि मॉडेलचं नाव येतं, ते हातातल्या फोनचंच आहे ना ते पाहा. आयफोन असेल तर सेटिंग्जमधल्या जनरल, अबाउटमध्ये मॉडेल क्रमांकाचं पहिलं अक्षर बघा: एम म्हणजे नवा, एफ म्हणजे दुरुस्त करून विकलेला, एन म्हणजे बदली म्हणून दिलेला.

क्रमांक जुळत असतील तर बिलाची प्रत पाठवून वॉरंटीची तारीख दुरुस्त करून मागा. जुळत नसतील तर दुरुस्ती मागू नका, फोन परत करून पैसे मागा.

मुलाने अमेरिकेहून आयफोन पाठवला. सिम घालायला जागाच नाही. सदोष आहे का? (मडगाव)

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलांना सिमचा ट्रे नसतोच. जिओ, एअरटेल किंवा व्हीआयकडून ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम, घ्या. वॉरंटीची दुरुस्ती ज्या देशात विक्री झाली त्यापुरती मर्यादित करायचा अधिकार ॲपल राखून ठेवतं, म्हणून खरा बिघाड दिसलाच तर मुलगा अमेरिकेत असेपर्यंत तिकडेच दाखवणं सोयीचं.

स्क्रीनवर हिरवी उभी रेघ. सात महिन्यांत तीनदा दुरुस्ती, रेघ परत येतेच. आता फोन नको, पैसे हवेत. (लातूर)

तीन जॉबशीट हाताशी असतील तर तुमची बाजू भक्कम आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा; फुकट आहे, आणि पुष्कळ कंपन्या इथेच नमतं घेतात. सोबत विक्रेता आणि उत्पादक दोघांना पंधरा दिवसांची लेखी नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, फोन ऑनलाइन बेंगळुरूहून आलेला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. विक्रेता, उत्पादक आणि सर्व्हिस सेंटर तिघांनाही पक्षकार करा, नाहीतर प्रत्येक जण न आलेल्यावर ढकलतो.

आयोग फोन प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून तोवर गल्लीतल्या कारागिराकडून तो उघडून घेऊ नका, आणि चौथ्यांदा सेंटरला द्यायची वेळ आलीच तर सिम काढा, सॅमसंग असेल तर मेंटेनन्स मोड (दुरुस्ती करणाऱ्याला तुमचे फोटो, मेसेज दिसू न देणारी सोय) लावा, पिन कागदावर लिहून देऊ नका आणि रेघेचा तारखेसह फोटो काढून मगच काउंटरवर ठेवा.