आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये विलीन झालं, तर मुलीच्या बास्केटबॉलचं काय होईल?

तुम्ही पेनसिल्व्हेनियात आहात आणि मुलगी नववीत आहे, तर आधी एवढंच विचारा: नुसती डिस्ट्रिक्ट (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) एक होणार की हायस्कूलंही? बोर्ड, सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी) आणि हिशेब एकत्र आले, पण दोन्ही हायस्कूलं टिकली, तर संघही दोन राहतात. हायस्कूल एक झालं की मात्र सगळं हलतं.

पहिला फटका जागांना. दोन शाळांच्या व्हार्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, बारा-बारा मुली असतील, तर नव्या संघात २४ जणींसाठी १२ ते १५ जागा असतात. कोर्टावर आधी दहा जणी उतरायच्या, आता पाच. म्हणून बोर्डाच्या बैठकीत बजेटचा तक्ता निघेल तेव्हा जेव्हीबरोबर (शाळेच्या दुय्यम संघाबरोबर) फ्रेशमन, म्हणजे नववीचा, संघही ठेवणार का, हे विचारा. पहिली कात्री बहुधा तिथेच लागते. क्रॉस-कंट्री आणि ट्रॅक या धावण्याच्या खेळांत मात्र सहसा कुणाला वगळत नाहीत. कुस्तीत तर उलट फायदाच होतो: लहान शाळेचा एखादा वजनगट रिकामा राहिला की प्रतिस्पर्ध्याला न लढता ६ गुण मिळतात, दोन शाळा मिळून ती भोकं बुजतात.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. राज्याची क्रीडा संघटना, पीआयएए, मुलींच्या खेळांसाठी नववी ते अकरावीच्या मुलींचा पट मोजते. ही वर्गवारी दर दोन वर्षांनी होते आणि बास्केटबॉलमध्ये सहा वर्ग आहेत. पट दुप्पट झाला की संघ वरच्या वर्गात जातो आणि समोर मोठ्या शाळा येतात. त्यात वाईटच होतं असं नाही. सेंटर एरिया आणि मोनाका ही डिस्ट्रिक्ट २००९ मध्ये स्वेच्छेने एक होऊन सेंट्रल व्हॅली झालं, आणि त्यांच्या फुटबॉल संघाने २०२० व २०२१ मध्ये ३ए (लहान शाळांकडून मोजता सहापैकी तिसऱ्या) गटाचं राज्य विजेतेपद मिळवलं. पण ते फुटबॉल! तिथे लहान शाळेतली तीच मुलं आक्रमणातही आणि बचावातही दमतात, त्यामुळे संख्येला मोल असतं. बास्केटबॉलमध्ये पाच-सात चांगल्या मुलींवर निभावतं, म्हणून संख्येचा लाभ कमी आणि जागा गेल्याचं दुःख जास्त.

मुख्य कोचची जागाही एकच उरते. नवा कोच कोण, हे उन्हाळ्यातल्या ओपन जिमआधी (ऐच्छिक, खुल्या सरावाआधी) कळलं तर बरं. निवड प्रत्यक्षात तिथेच सुरू होते. सराव दुसऱ्या गावातल्या जिममध्ये असेल, तर संध्याकाळची उशिराची बस लेखी मागून घ्या. ही बस नसेल, तर आईवडील दोघं नोकरीला असलेल्या घरांतल्या मुलींना खेळ सोडावा लागू शकतो.

बूस्टर क्लब (संघासाठी पैसे उभे करणारा पालकांचा गट) वेगळी नोंदणीकृत संस्था असेल, तर त्याचे पैसे आपोआप नव्या शाळेकडे जात नाहीत.

आणि वैतागून तिला तिसऱ्याच शाळेत घालायचा विचार असेल, तर दहावी सुरू होण्याआधी ठरवा. त्यानंतर शाळा बदलली, तर आधीच्या वर्षभरात खेळलेल्या खेळाच्या पोस्टसीझनमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) एक वर्ष खेळता येत नाही. सूट मिळू शकते, पण अर्ज करून कारण पटवावं लागतं.