इंग्लंडच्या खेड्यात दगडी घर भाड्याने घ्यावं का?

प्रश्न : मुलगा आणि सून चेल्टनहॅमला नोकरी करतात. सून फेब्रुवारीत बाळंत होईल, मी डिसेंबरात जाणार आहे. त्यांना नॉर्थलीचजवळच्या खेड्यातलं जुनं दगडी कॉटेज भाड्याने घ्यायचंय. फोटो सुंदर आहेत, तरी मला धास्ती वाटते. त्यांना काय बघायला सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमची धास्ती रास्त आहे आणि मुलांची हौसही. नॉर्थलीच ज्या डोंगराळ भागात आहे त्या कॉट्सवोल्ड्समधल्या अशाच मधाच्या रंगाच्या दगडी घरात मी नऊ वर्षं भाड्याने राहिले. त्या घरावर माझा फार जीव होता.

पहिला प्रश्न भाड्याचा नाही, घर कशावर तापतं हा विचारायचा. तिकडच्या बऱ्याच खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. परसात मोठी टाकी असते, तिच्यात रॉकेलच म्हणा ना, तसलं तेल टँकरने येतं. पुरवठादार सहसा 500 लिटरच्या खाली देत नाहीत, त्यामुळे एकरकमी मोठा खर्च. आम्हाला एजंटने टाकी भरलेली आहे असं सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. तिसऱ्या रात्री घर तापवणारे रेडिएटर गार पडले. टँकरची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. तेवढे दिवस सात महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही लाकडाच्या शेगडीपुढे, एकाच खोलीत झोपलो. मुलाला सांगा, किल्ली घेताना टाकीतली पातळी मोजायची, फोटो काढायचा आणि कागदावर लिहून घ्यायची. शेगडी असेल त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, तोही वाजवून बघायचा.

मग ओल. आपल्या जुन्या वाड्यांसारख्याच या जाड दगडी भिंती, पण तिथे हिवाळ्यात ऊन जवळजवळ नसतंच. घर पावसानंतर बघायला जावं, बाहेरच्या भिंतीलगतचं कपाट पुढे ओढावं आणि मागे तळहात टेकवावा. आमच्या कपाटामागे काळे ठिपके होते, ते माझ्या शालूच्या घडीपर्यंत पोचले. तुम्ही रोज दुपटी धुणार, ती रेडिएटरवर वाळत घातली की सगळं पाणी भिंतीत जातं. कुकरची वाफही तशीच. म्हणून स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि कपडे वाळवायचं यंत्र ठेवायला जागा. घराचा ऊर्जा दाखला, म्हणजे घर ऊर्जा किती वाया घालवतं त्याची ‘ए’ (उत्तम) ते ‘जी’ (वाईट) श्रेणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. भाड्याने द्यायला निदान ‘ई’ श्रेणी लागते. ‘एफ’ किंवा ‘जी’ दिसली तर मालकाला या नियमातून सूट कशी मिळाली ते विचारायचंच.

पैशांचं सोपं आहे. घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत, आणि ती 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवी. घर बघितल्याशिवाय मात्र एक पौंडही देऊ नये.

आता तुमच्याबद्दल. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगा गाडी घेऊन कामावर गेला की तुम्ही, सून आणि बाळ घरात. अशा खेड्यांत बरेचदा दुकान नसतं, बस मोजक्या आणि रविवारी बहुधा नाहीच. म्हणून माझं स्पष्ट मत : हा हिवाळा नॉर्थलीचच्या चौकाजवळ काढा. तिथे दुकानं पायी गाठता येतात. खेड्यातलं घर एप्रिलमध्ये शोधावं.

तरीही मुलांचं मन त्याच घरावर असेल, तर बघायला जाताना सुनेलाही न्यायला सांगा. या घरांचे जिने अरुंद, वळणाचे आणि उभे असतात. रात्री तीन वाजता, ओले टाके आणि कुशीत बाळ घेऊन तोच जिना तिला उतरायचा आहे. तिने तो एकदा चढून-उतरून बघू दे.